शुक्रवारचा मासा, एकादशीचा गहू

ट्यूना घातलेला पास्ता हा इटलीतल्या घरोघरी होणारा साधा पदार्थ आहे, आणि कॅथलिक रिवाजात तो मांस वर्ज्य असलेल्या दिवशीही चालतो. शुक्रवारी बकरी, डुक्कर, कोंबडी यांचे मांस खायचे नाही, मासा खाल्लेला चालतो. त्यामुळे डब्यातला मासा, लसूण, टोमॅटो आणि पास्ता एवढ्यावर त्या दिवशीचे जेवण भागते. नाताळच्या आदल्या रात्री मांसाविना जेवायची जी रीत आहे, तिच्यातही इटलीच्या काही भागांत हाच पदार्थ पानात येतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या देवळाली प्रवरा इथे एखाद्या माळकरी घरात मात्र हाच घास व्रत मोडणारा ठरतो. एका परंपरेने संयमासाठी नेमलेले अन्न दुसरीत संयमभंग कसे होते, हा प्रश्न देवळालीच्या राहुरी तालुक्यात केवळ पुस्तकातला नाही. वारकरी, जैन, बौद्ध, मुसलमान, प्रोटेस्टंट आणि कॅथलिक अशी सगळी घरे इथे एकाच आठवडे बाजारातून भाजी नेतात, आणि अलीकडे त्यांच्या मुलांना पास्ता सारखाच आवडतो.

पदार्थ करायला सोपा आहे. चार माणसांना सुमारे ३२० ग्रॅम पास्ता आणि ट्यूनाचे दोन लहान डबे पुरतात. तीन लिटर पाणी उकळून त्यात ३० ग्रॅमच्या आसपास मीठ घालतात. दुसऱ्या कढईत तेल मंद तापवून ठेचलेल्या लसणाच्या तीन-चार पाकळ्या परततात. लसूण सोनेरी व्हावा, करपू नये. करपला की सगळ्या पदार्थाला कडवटपणा येतो. मग ४०० ग्रॅम चिरलेले टोमॅटो घालून तेल सुटेपर्यंत, दहा-पंधरा मिनिटे शिजवतात. संगमनेर भागातला टोमॅटो या कामाला उत्तम, फक्त तो पुरता पिकलेला हवा. ऑलिव्हचे तेल नसेल तर करडईचे चालते. चव वेगळी येते, पण वाईट येत नाही. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या मिनिटभर आधी पास्ता काढून थेट कढईत टाकतात आणि त्याचेच वाटीभर पिठूळ पाणी वर ओततात. त्या पाण्याने तेल आणि टोमॅटो मिळून येतात आणि रस प्रत्येक तुकड्याला धरून राहतो. मासा सगळ्यात शेवटी घालतात, कारण तो डब्यात भरतानाच शिजवलेला असतो. तो पुन्हा उकळला की कोरडा, भुसभुशीत होतो. माशाच्या पास्त्यावर चीज किसण्याची रीत इटलीत सहसा नाही.

धर्माचा विचार या घटकांपाशीच सुरू होतो, आणि पहिला घटक गहू आहे. इटलीत १९६७ च्या कायद्याने वाळवलेला पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच असला पाहिजे असे ठरवले. महाराष्ट्रात हाच गहू बन्सी म्हणून ओळखला जातो. देवळाली प्रवराच्या शेजारी, राहुरीला १९६८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या निफाड केंद्राने काढलेला ‘पंचवटी’ हा बन्सी गव्हाचाच वाण. रवा, शेवया आणि कुरडया यांसाठी तो चांगला मानला जातो. उन्हाळ्यात खाटेवर वाळणाऱ्या शेवया आणि पास्ता हे एकाच जातीच्या गव्हाचे, एकाच युक्तीने केलेले पदार्थ आहेत. रवा भिजवायचा, मळायचा, आकार द्यायचा आणि वर्षभर टिकेल असा वाळवायचा.

तरीही एकादशीला हा पदार्थ चालत नाही, आणि त्याचे कारण मासा नाही. मासा काढून टाकला तरी गहू उरतो, आणि एकादशीला धान्य वर्ज्य असते. त्या दिवशी चालणारा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि हिरवी मिरची हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले आहेत. पोर्तुगीज व्यापाराच्या काळात आणि त्यानंतर ते इथे रुजले. परदेशातून आलेले अन्न उपासाला चालते आणि इथे हजारो वर्षे पिकणारा गहू चालत नाही. पास्त्याविरुद्ध ‘हे आपले खाणे नाही’ असे जे घरातून ऐकू येते, त्याला म्हणूनच धार्मिक आधार देता येत नाही. ती सवयीची तक्रार आहे आणि ती सवयीची म्हणूनच ऐकावी. एखाद्या अन्नाचा देश कोणता, हे कोणत्याही व्रताने कधी विचारलेले नाही.

लसणाची गोष्ट वेगळी आहे. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांद्याचे पदार्थ पोटभर खाऊन पुढचे चार महिने कांदा, लसूण आणि वांगे सोडणारी घरे महाराष्ट्रात आजही आहेत. जैन घरांत जमिनीखाली वाढणारे कंद बारा महिने टाळतात. अशा घरात मासा नसलेला हाच पास्ताही लसणापाशी अडतो. चीज घालायचे म्हटले तरी अडचण संपत नाही, कारण इटलीतले अस्सल पार्मेझान वासराच्या पोटातल्या विरजणाने घट्ट करतात. दूध शाकाहारी असूनही ते चीज शाकाहारी नसते.

पण खरा वाद माशाचाच आहे. ट्यूनाला कोकण किनाऱ्यावर कुपा म्हणतात. तो बांगड्याच्या कुळातला, पण खुल्या समुद्रात लांबचा पल्ला मारणारा मासा. मासा खाऊ नये असे म्हणणारे सगळे एकच गोष्ट म्हणत असतात असा समज आहे. तसे नसते. कोणाला त्या जिवाची हत्या नको असते, कोणाला स्वतःच्या जिभेला आवर घालायचा असतो, कोणाला स्वयंपाकघराची शुचिता राखायची असते. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी येतात. घरातले भांडण बहुतेक वेळा एका कारणाला दुसऱ्याचे उत्तर दिल्याने चिघळते.

कॅथलिक नियम जिभेच्या आवरासाठी आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने ‘सुम्मा थिओलॉजिए’त त्याची कारणमीमांसा केली आहे. जमिनीवर वावरणाऱ्या प्राण्यांचे मांस माणसाला जास्त रुचते आणि वासना जास्त चेतवते, म्हणून उपासात ते सोडायचे. माशाने तेवढे होत नाही, म्हणून तो चालतो, असे त्याचे म्हणणे. माशाला वेदना होत नाहीत किंवा मासा जीव नाही असा दावा या नियमात कुठेही नाही. १९८३ च्या चर्चच्या कायद्यात हा नियम कायम आहे. चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांनी शुक्रवारी मांस टाळावे, आणि राखेचा बुधवार व गुड फ्रायडे या दिवशी प्रौढांनी उपासही करावा. एखाद्या देशातल्या बिशपांच्या परिषदेला शुक्रवारच्या मांसवर्जनाऐवजी दुसरे प्रायश्चित्त ठरवून देता येते.

राहुरी तालुक्यात हा नियम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. जर्मन भाषा बोलणारे येशूसंघाचे धर्मगुरू १८७६-७८ च्या दुष्काळानंतर या भागात काम करू लागले, आणि केंदळ, वळण यांसारख्या गावांत कॅथलिक वस्ती वाढली. धर्मांतर करणाऱ्यांत मोठा भाग गावकुसाबाहेरच्या, दुष्काळाने पिचलेल्या लोकांचा होता. ज्याच्या घरी मटण सणासुदीलाच दिसते, त्याला शुक्रवारी मटण सोडायला सांगणे आणि ज्याच्या घरी रोज शिजते त्याला सांगणे, यांत मोठा फरक आहे. पहिल्याला ते सोडल्याचे जाणवतही नाही. आज त्याच नियमाची उलट बाजू दिसते. आयात केलेला ट्यूना, ऑलिव्हचे तेल आणि परदेशी पास्ता यांचा शुक्रवारचा बेत पिठले-भाकरीपेक्षा कितीतरी महाग पडतो. नियमाचे अक्षर पाळले जाते, पण ज्यासाठी तो केला ती साधेपणाची वृत्ती सुटते. अक्वायनसच्या कसोटीने पाहिले तर त्या दिवशी पिठलेच जास्त योग्य. प्रोटेस्टंट घरांत हा प्रश्नच येत नाही, कारण १८३१ पासून नगरमध्ये असलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत शुक्रवारचे असे बंधन नाही.

अहिंसेचे कारण याच्या अगदी उलट बाजूने येते. जैन विचारात जिवांची वर्गवारी इंद्रियांच्या संख्येवरून होते, आणि मासा पाच इंद्रियांचा जीव आहे. तो बकऱ्याच्याच पायरीवर बसतो. अक्वायनसने जिथे भेद केला तिथे जैन दर्शन भेद करत नाही, कारण दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. एक खाणाऱ्याच्या मनाकडे पाहतो, दुसरे खाल्ल्या जाणाऱ्या जिवाकडे. वारकऱ्याची माळ दोन्हीकडे पाहते. तुळशीची माळ घातली की मांस आणि दारू सुटते. त्यात जिवाबद्दलची करुणाही आहे आणि विठ्ठलाला दिलेल्या शब्दाची राखणही.

धर्मशास्त्राचे जुने ग्रंथ या बाबतीत लोक समजतात तितके सरळ नाहीत. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मासे खाणारा सर्व मांसे खाणारा ठरतो असे सांगितले आहे, आणि लगेच पुढच्याच श्लोकात देवपितरांच्या कार्यासाठी काही मासे आणि खवल्यांचे मासे चालतात असेही सांगितले आहे. खवल्यांचीच कसोटी यहुदी धर्मशास्त्रातही आहे. ज्याला पर आणि खवले आहेत तोच मासा खाण्याजोगा. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली समाजाची परंपरागत कथा यावरच उभी आहे. बाहेरून आलेल्या डेव्हिड रहाबी याने शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ‘शनिवार तेली’ खरोखर यहुदी आहेत का हे पाहण्यासाठी त्यांच्या बायकांपुढे सरमिसळ मासे ठेवले. त्यांनी बिनखवल्यांचे मासे बाजूला काढले, आणि शतकानुशतके ग्रंथाविना राहिलेला समाज स्वयंपाकघरातल्या त्या एका रिवाजाने ओळखला गेला. कुप्याला खवले बारीक असतात, पण असतात, म्हणून ट्यूना त्यांना चालतो. कुराणात समुद्रातली शिकार हलाल सांगितली आहे आणि मासा जिबह करावा लागत नाही, त्यामुळे मुसलमान घरातही त्याला अडसर नाही.

डबाबंद मासा मात्र अहिंसेपुढे एक नवा पेच उभा करतो. मासा समुद्रात मारला जातो, कारखान्यात वाफेवर शिजतो, तेलात किंवा मिठाच्या पाण्यात भरून, डबा बंद करून पुन्हा उकळत्या पाण्याहून अधिक उष्णतेवर तापवला जातो. देवळालीच्या ओट्यावर तो येतो तेव्हा त्याला डोळा नसतो, रक्त नसते, काटा नसतो. मुळा धरणाचा रोहू किंवा कटला घरी आणला की तो खवलावा लागतो, पोट फाडावे लागते; काय घडले हे हाताला कळते. डब्याचे झाकण उघडताना काहीच कळत नाही. बौद्ध विनयात भिक्षूसाठी त्रिकोटीपरिशुद्ध मांसाचा नियम आहे. तो प्राणी आपल्यासाठी मारलेला पाहिला नसेल, तसे ऐकले नसेल आणि तशी शंकाही नसेल, तर भिक्षेत पडलेले मासे-मांस घेता येते. सर्व भिक्षूंना मासे आणि मांस वर्ज्य करावे ही देवदत्त या भिक्षूची मागणी बुद्धाने नाकारली होती. वरवर पाहता डबा तिन्ही अटी पुऱ्या करतो. पण तो नियम दारोदार मिळेल ते घेणाऱ्यासाठी होता. दुकानात जाऊन निवडून, पैसे मोजून आणणाऱ्याला त्याच्या आड उभे राहता येणार नाही. मनुस्मृतीची दुसरी बाजू इथे अधिक कठोर आणि अधिक खरी आहे. अनुमती देणारा, मारणारा, तुकडे करणारा, विकणारा, विकत घेणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा, या आठही जणांवर ती हत्येचा भार टाकते. बाजारातली मागणी समुद्रातल्या जाळ्यापर्यंत पोहोचते हे आजचे अर्थशास्त्र सांगते, तेच त्या यादीत आहे.

जाळ्याचा विचार केला की हिंसा एका माशापुरती राहत नाही. पूर्व पॅसिफिक महासागरात ट्यूनाच्या थव्यांबरोबर डॉल्फिन पोहतात, आणि तिथल्या मोठ्या वेढा-जाळ्यांत अनेक दशके डॉल्फिन प्रचंड संख्येने मेले. लोकांच्या संतापामुळे १९९० मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या डबाबंद कंपन्यांनी तसा मासा घेणे थांबवले. याउलट लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर बांबूच्या काठीला गळ लावून एकेक मासा ओढण्याची जुनी पद्धत आहे. तिच्यात दुसरे जीव फारसे सापडत नाहीत. अहिंसा ज्याला पूर्ण पाळायची आहे त्याला दोन्ही मासे वर्ज्य आहेत. पण जो मासा खाणारच आहे त्याच्यासाठी या दोन डब्यांत फरक आहे, आणि तो फरक न पाहणे हा आळस आहे.

शेतीतही जीव मरतात, असे उत्तर अशा वेळी दिले जाते. ते महाभारताइतके जुने आहे. वनपर्वातला मिथिलेचा धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला हेच सांगतो की नांगराखाली असंख्य प्राणी मरतात. ऊस आणि गव्हाच्या या पट्ट्यात ते कोणी नाकारणार नाही. मात्र त्याचा आधार घेऊन हवे ते खाणारे एक गोष्ट विसरतात. तो व्याध मांस विकतो, पण ते दुसऱ्यांनी मारलेल्या प्राण्यांचे असते, आणि स्वतः तो मांस खात नाही.

देवळालीच्या खालच्या अंगाला, प्रवरेच्याच काठी नेवाशाला १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. अक्वायनसच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. तिच्या सतराव्या अध्यायात गीतेच्या आधाराने सात्त्विक, राजस आणि तामस आहाराचे विवेचन आहे. तिथली कसोटी प्राण्यांच्या नावांची नाही. अन्न रसाळ, स्निग्ध, आरोग्य वाढवणारे आहे, की तिखट-जाळ आणि दाह करणारे आहे, की शिळे, दुर्गंधी, उष्टे आणि अपवित्र आहे, अशी ती कसोटी आहे. या मोजपट्टीने लसूण-मिरचीचा झणझणीत पास्ता राजस ठरेल, आणि ठेचाही त्याच रांगेत बसेल. कित्येक महिन्यांपूर्वी शिजवून डब्यात भरलेला मासा तर शिळेपणाच्या कसोटीवरच तामस ठरेल, मग तो मासा असो वा डबाबंद भाजी. सहाव्या अध्यायात आहाराच्या मोजकेपणावर भर आहे. पानात काय आहे याइतकेच किती आहे, हेही तिथे विचारले जाते, आणि हा प्रश्न शाकाहारी पानालाही चुकत नाही.

शुचितेचे तिसरे कारण सर्वांत दुबळे आहे. कोणी शिजवले, कोणाच्या भांड्यात शिजले, कोणाचा हात लागला, यावर या भूमीत माणसामाणसांत भिंती उभ्या राहिल्या. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे वास्तव्य राहुरीतही होते. नवरा ख्रिस्ती झाल्यावर सोवळ्या-ओवळ्यात वाढलेल्या बाईने पाणी आणि अन्न यांबाबतची शिवाशिव कशी हळूहळू, स्वतःच्या विचाराने सोडली, हे ‘स्मृतिचित्रे’त सविस्तर आले आहे. मासा न खाणे हे व्रत असू शकते. मासा खाणाऱ्याच्या हातचे पाणी न पिणे हे व्रत नव्हे. त्याने कोणताही जीव वाचत नाही आणि कोणतीही जीभ आवरत नाही.

घरातल्या स्वयंपाकाचा पेच यातूनच सोडवता येतो. सासू माळकरी, मुलगा-सून मासे खाणारे, नातवाला पास्ता हवा, अशी घरे देवळालीत नवी नाहीत. मटण अंगणातल्या वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात शिजवण्याची रीत ग्रामीण महाराष्ट्रात पूर्वीपासून आहे. तिच्यामागे शिवाशिव होती तशी दुसऱ्याच्या व्रताची कदरही होती. शिवाशिव टाकून कदर ठेवता येते. या पदार्थात तर मासा शेवटीच पडतो. टोमॅटोचा रस आणि पास्ता एकत्र करून माळकऱ्याचे पान आधी वाढावे, आणि मग खाणाऱ्यांच्या वाट्याचा पास्ता दुसऱ्या कढईत घेऊन त्यात ट्यूना मिसळावा. एकादशी असेल तर बेत दुसऱ्या दिवशी ठेवावा. माळकरी व्यक्तीने मासा शिजवून द्यावा का, या प्रश्नाला मनूची यादी ‘नको’ म्हणते, कारण शिजवणारा आणि वाढणारा तीत आहेत. तिला तसे करायला भाग पाडणे तर त्याहून चूक, आणि घराघरांत हे ओझे बहुतेक वेळा बाईवरच पडते. ज्याला मासा खायचा आहे त्याने डबा स्वतः उघडावा, कढई स्वतः चढवावी आणि जेवण झाल्यावर ती स्वतः घासून ठेवावी.